कव्हर साताऱ्यात, तबकडी मिरजेत

नोव्हेंबरातलं कोयनेचं धुकं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो: ते दाट नसतं, घट्ट असतं. मी त्यात मोटारसायकल उभी केली तर स्टँड लावायची गरज पडली नाही. आमची शालन म्हणते, स्टँड लावला होता. बायकोला प्रवासाला बरोबर नेलं की हे असं होतं.

पण आम्ही धुकं बघायला गेलो नव्हतो. आम्ही निघालो होतो एका जर्मन तबकडीच्या मागावर, आणि तीन दिवसांत ती मिळाली नसती तर साताऱ्यात माझं तोंड काळं होणार होतं. कसं, ते सांगतो.

मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. लडाखच्या एका चौकीवर शॉर्टवेव्हचा रेडिओ जुळवता जुळवता एके दुपारी माझ्या कानात एक आवाज शिरला. गाणं म्हणावं तर गाणारा नाही, वादन म्हणावं तर वाद्य ओळखू येईना. एकच सूर, बर्फावरून ढगाची सावली सरकावी तसा सरकत होता. मग एक बाई जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि स्टेशन गेलं. थंडी इतकी होती की तो सूर हवेतच गोठला आणि संध्याकाळपर्यंत चौकीच्या छताला लोंबत राहिला. जवान खालून वाकून जात होते.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो, साताऱ्याला आलो आणि त्या आवाजाच्या मागे लागलो. पन्नास वर्षांपूर्वी जर्मनीतल्या पोरांनी खोलीभर वायरी पसरून, बटणं पिळून जे संगीत काढलं, त्याच्या तबकड्या मी गोळा करतो. दोनशेच्या वर आहेत. कॅसेटी आहेत, पोस्टरं आहेत, न पाहिलेल्या कार्यक्रमांची फाटकी तिकिटं आहेत, आणि एका यंत्राचं माहितीपुस्तक आहे, ज्याचं यंत्र माझ्याकडं नाही. शब्दकोश घेऊन जर्मनही शिकलो. क्रियापद शेवटी जातं एवढं कळल्यावर मला ती भाषा घरचीच वाटली. आमच्याकडंही माणूस काय म्हणतोय ते वाक्य संपल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्यात माझा कोहिनूर म्हणजे अकरा वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडं सापडलेलं एक कव्हर. चंदेरी रंग, मधोमध धुक्यातलं शेत, शेतात विजेचा एकच खांब. हे कव्हर मी जर्मनांच्या याद्यांमध्ये बघून बघून पाठ केलं होतं. घरी येऊन उघडलं. आत काही नाही.

माझ्याकडं दर रविवारी सकाळी दोन श्रोते येतात. एक देशमाने सर, गणिताचे निवृत्त मास्तर. दुसरे आमचे जनावरांचे डॉक्टर. त्या रविवारी मी कव्हर दाखवलं, सरांचे डोळे चमकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तबकडी आहे आत. पण ही वाजवायची नसते. सुई टेकली की आवाजाचा एक पापुद्रा निघतो." झालं. अकरा वर्षं तो पापुद्रा मी जपला. कव्हराच्या आत पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बापू, भजनी मंडळ, कोयनानगर'. मग मी आधीच का गेलो नाही? कारण तबकडी आत आहे असं सांगता सांगता मलाच ते पटलं होतं.

मागच्या रविवारी सर उठताना म्हणाले, "सुभेदार, पुढच्या रविवारी मला पंचाहत्तर लागतंय. भेटबिट नको. ती एकदा लावा. जाऊ द्या एक पापुद्रा."

डॉक्टर म्हणाले, "लावणार की! सुभेदार शब्दाचा माणूस आहे."

स्वयंपाकघरात शालनच्या हातून झाकण पडलं. तिला ठाऊक होतं, कव्हर रिकामं आहे.

गुरुवार, कोयनानगर

उंब्रज सोडून पाटणच्या बाजूला वळलं की रस्ता जी वेटोळी घ्यायला लागतो, त्यातल्या एका वळणावर मला माझ्याच गाडीची मागची नंबरपाटी दिसली. कव्हर दोन प्लायवुडच्या फळ्यांत बांधून शालनच्या मांडीवर दिलं होतं.

"आवं, ह्या दुसऱ्या बायकोला तुमीच घ्या की मांडीवर," ती मागून म्हणाली. "मी चालवते गाडी."

कोयनानगरात बापूंना शोधायला वेळ लागला नाही. पॉवरहाऊसमध्ये आयुष्य काढलेला, ऐंशीच्या पुढचा माणूस, घेवड्याच्या वेलाला काठ्या लावत होता. मी कव्हर दाखवलं तसे ते हसले. "आरं तिच्या! आमी ह्यात टाळाच्या दोऱ्या ठेवत हुतो."

"आणि तबकडी?"

"बसा, च्या घ्या. पळत न्हाई ती."

चहा आला. बापू सांगत होते की मशिनीबरोबर एक गोरा साहेब आला होता. जर्मन का हॉलंडचा, देवाला ठावं. मशीन बसली, साहेब गेला, जाताना प्लेटा वाटून गेला. एवढ्यात बश्या किणकिणल्या. फळीवरचे डबे एकमेकांना हळूच लागले. मी साताऱ्याचा माणूस; अर्धा दारापर्यंत पोचलो. बापूंनी बोलणं न तोडता आपल्या कपावर पालथा हात ठेवला, हादरा जाईस्तोवर धरला, काढला आणि घोट घेतला. त्यांच्या सुनेनंही तेच केलं. आमच्याकडं पाहुणा आला की पंखा लावतात तितक्या सहज.

"बसा सुभेदार," बापू म्हणाले. "लहान हुता."

"फौजेतले हायत," शालननं सांगितलं. "पळायचा सराव हाय."

तबकडीचं असं झालं होतं. भजनी मंडळाचा तंबोरा फुटला. दुरुस्तीला मिरजेहून यासीन नावाचा कारागीर आला. चार दिवस राहिला. एका दुपारी बापूंनी गंमत म्हणून ती प्लेट लावली.

"त्यानं कानस खाली ठेवली आन् मांडी घालून बसला त्यो उठंना. म्हनला, बापू, ही प्लेट मला द्या, मंडळाला नवा तंबोरा करून देतो. मी म्हनलं, ने बाबा! आमाला तिचा काय उपेग? त्यात ना विठ्ठल ना रखुमाई. नुसतं पॉवरहाऊस चालल्यागत."

तो तंबोरा खोलीच्या कोपऱ्यात, लाल कापडाच्या खोळीत उभा होता. बापूंनी खोळ काढून तारेवर एक बोट फिरवलं. बाहेर धुकं दारापर्यंत आलं होतं. मला वाटलं, सूर त्याच्यात शिरला आणि धुकं थोडं पिवळं झालं. खरं सांगतो, झालं.

शुक्रवार, इस्लामपूर

कराडच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. इतकी लांब, की पहिल्या ट्रॉलीतल्या उसाची साखर होऊन ती शेवटच्या ट्रॉलीच्या ड्रायव्हरच्या चहात पडत असणार. हवेत मळीचा वास, कडेला वाळलेल्या पाचटाचा खच, आणि त्यावरून ऊन मधासारखं ओघळत होतं. अशा वेळी गाडी हळू चालवावी लागते याचं वाईट वाटत नाही. मी त्या दुपारी अर्धा तास तरी काहीच बोललो नाही. शालननं काळजीनं पाठीला हात लावून बघितला.

मुक्काम तिच्या बहिणीकडं. मेहुणीनं अख्खा मसूर केला होता, वर कांदा आणि ज्वारीच्या भाकरी. साताऱ्यात आम्ही पाहुण्याला विचारतो, 'अजून वाढू का?' इस्लामपुरात विचारत नाहीत. मी सात भाकरी खाल्ल्या; आठवी उशाला ठेवून झोपलो.

सकाळी उठून बघतो तर कव्हराची फळी सोडलेली आणि चंदेरी कव्हर ओट्यावर. त्यावर दुधाचं पातेलं.

"मला वाटलं, पुठ्ठा हाय," मेहुणी म्हणाली. "ओटा भाजू नये म्हणून ठिवला."

पातेलं उचललं. धुक्यातल्या शेतावर, खांबाच्या भोवती, तपकिरी गोल वळ उठला होता. अगदी नेमका. मला रडूच यायचं, पण शालननं कव्हर हातात घेऊन लांब धरलं आणि म्हणाली, "बघा तरी. चंद्र उगवल्यागत दिसतंय."

आणि वाईट हे की तसंच दिसत होतं.

शनिवार, मिरज

सांगलीत भडंग घेतलं, ते मिरजेपर्यंत पुरलं नाही. सांगली आणि मिरज ही दोन गावं असल्याचं दोन्ही गावांतली माणसं सांगतात. नवख्याला मधला सांधा सापडत नाही.

तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो आणि चालीत फरक पडला. पाय आपोआप सावकाश पडायला लागले. दुकानादुकानांत छताला वाळके भोपळे टांगलेले, एकेक इतका मोठा की आत एखादं कुटुंब भाड्यानं राहावं. कुणी खुंटी पिळून बघतंय, कुणी भोपळ्यावर लाखेची वेल काढतंय, आणि एका दुकानातली तार दुसऱ्या दुकानातल्या तारेला दुपारभर काहीतरी विचारते आहे.

यासीनचाचांचं दुकान टोकाला होतं. पांढरी दाढी, भिंगाचा चष्मा, मांडीवर तंबोरा आडवा. त्यांची लेक शबाना दारात पॉलिश करत बसली होती. आत, लाकडी पेटीच्या जुन्या प्लेअरवर, ती तबकडी फिरत होती.

मला लेबल वाचायची गरज पडली नाही. पण आवाज! लडाखला ऐकलेला तो हाच, आणि तरी हा नव्हे. हा खोल होता. जमिनीखालून पाणी वाहावं तसा. एक सूर, त्याच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या आत बारीक किरणं. त्या खोलीतले सगळे भोपळे श्वास घेत आहेत असं मला वाटलं. ही माझी थाप नाही. एकावर हात ठेवून बघितला, तो थरथरत होता.

"चप्पल तिकडं सोडा," चाचा म्हणाले. "आणि भोपळ्याला हात लावू नका. रुसतो तो."

"जरा मोठ्यानं बोला," शबानानं सांगितलं. "अब्बांना कमी ऐकू येतं."

मग त्यांचं काम बघितलं. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा केसभर घासला की तार नुसती वाजत नाही, गुणगुणायला लागते, ती जवारी. चाचा कानशीचा एक हात मारायचे, तार छेडायचे, आणि डावा तळहात प्लेअरच्या पेटीवर टेकवून डोळे मिटायचे. पेटी तबकडीच्या सुरानं घुमत होती. त्यांचे कान आता त्यांच्या तळहातात होते. पेटीची थरथर आणि मांडीवरच्या भोपळ्याची थरथर एक झाली की घोडी झाली.

"सूर मशीन पण देतंय," चाचा म्हणाले. "बाजारात मिळतं. पण त्यात जवारी न्हाई. ह्या गोऱ्यानं कुठनं आणली, अल्ला जाणे. तीस-पस्तीस वर्षं ह्याच्यावरच सगळे तंबोरे काढले."

शालन म्हणाली, "मोबाईलवर भरून ठिवा की चाचा."

"भरून दिलं होतं एकानं. हातात धरला. मुंगी चावल्यागत."

मी कव्हर पुढं केलं. चाचांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, जसं घरचंच माणूस बऱ्याच दिवसांनी भेटीला आलंय. आणि तेव्हा, त्यांच्या अंगठ्याखाली, कोपऱ्यातली बारीक जर्मन ओळ मला दिसली. अकरा वर्षं दिसत होती. अर्थ आज लागला. मिनिटाला पंचेचाळीस फेरे.

प्लेअर तेहतिसावर चालला होता.

"चाचा!" मी ओरडलो. "तुम्ही ही हळू वाजवताय! ही पंचेचाळीसची आहे!"

"वेग बदलायचा खटका मोडलाय, आणल्यापासनं."

आता सिग्नल्सचा माणूस मोडका खटका बघून गप्प बसेल का? मी खिशातला पेचकस काढला, तंबोऱ्याच्या तारेचा तुकडा मागून घेतला आणि दहा मिनिटांत खटका पंचेचाळिसावर नेला. सुई ठेवली.

लडाख! तोच आवाज, तसाच पातळ, उंच, लखलखीत. मी विजयानं चाचांकडं बघितलं.

चाचांचा तळहात पेटीवर होता. त्यांनी तो उचलला, दुसरीकडं ठेवला. मग दोन्ही हात ठेवले. तबकडी फिरत होती, सूर माझ्या कानात घुमत होता, आणि पेटी मात्र दगडासारखी गप्प होती. वरच्या सुराला ते लाकूड हालत नव्हतं.

"शबाना," चाचा म्हणाले, "लाईट गेली का?"

शबाना पॉलिशचा बोळा हातात धरून माझ्याकडं बघत होती. फौजेत माझ्यावर गोळ्या झाडल्या गेल्यात, हजारभर तरी. पण त्या बघण्यासारखं काही लागलं नाही. मी खटक्याची तार ओढून काढली. तबकडी अडखळली, मंदावली, सूर पायऱ्या उतरत खाली आला आणि आपल्या जागी बसला. पेटी घुमली. चाचांच्या खांद्यांतला ताठा गेला.

थोड्या वेळानं मी सगळं सांगितलं. रविवार, सर, पंचाहत्तरी, पापुद्रा. शबाना इतकी हसली की पॉलिशची बाटली लवंडली. चाचा हसले नाहीत.

"कव्हर तुमचं हाय, सुभेदार," ते म्हणाले. "मग प्लेट पण तुमचीच. न्या. माझी आता दोन-चार वाद्यं राहिलीत, निभावून नेईन."

बघा, मिळत होती. त्यांच्या हातानं, त्यांच्या तोंडानं. दोन तासांत मी साताऱ्याच्या रस्त्याला असतो. मी तबकडीकडं बघितलं, चाचांच्या मांडीवरच्या अर्ध्या घासलेल्या घोडीकडं बघितलं, आणि सल्ल्यासाठी शालनकडं वळलो.

शालन तिथं नव्हतीच. म्हणजे होती, पण प्लेअरजवळ बसून तिनं तळहात पेटीवर टेकवला होता आणि डोळे मिटले होते. इतकी वर्षं ही बाई माझ्या संगीताला पिठाची गिरणी म्हणत आली. मी दहा मोजले, वीस मोजले. खोलीत ऊन तिरपं आलं होतं आणि लाकडाचा भुसा त्यात तरंगत होता, खाली पडायचं विसरून.

"आवं," ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमी रोज हे ऐकत हुता व्हय?"

मी चाचांना म्हणालो, "कव्हर तुम्हीच ठेवा. प्लेटीवर धूळ बसते."

चाचांनी तबकडीचा पहिला भाग संपू दिला, ती कव्हरात घातली, आणि दुधाच्या पातेल्याच्या वळावर बोट फिरवून विचारलं, "हा चंद्र छापलेलाच हाय का?"

"जर्मनीत छापलाय," मी म्हणालो. एवढं तरी माझ्याकडं राहू द्या.



रविवार, सातारा

दहाला सर आले. नवा सदरा, कपाळाला कुंकू. डॉक्टरांनी कंदी पेढे आणले होते. दोघे खुर्च्या ओढून, हात मांडीवर ठेवून बसले. मी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एकही कण न वाढवता खरं सांगितलं. कव्हर रिकामं होतं. बापूंचा कपावरचा हात. पातेलं. चाचांचा तळहात. मोडका खटका, गप्प झालेली पेटी, आणि तो खालचा सूर कसा होता, जमेल तेवढं. सर डोळे मिटून ऐकत होते. पेटीच्या भागाला त्यांचा स्वतःचा तळहात खुर्चीच्या दांडीवर जाऊन टेकला.

मी थांबलो.

मग सरांनी डोळे उघडले. "सुभेदार," ते म्हणाले, "आजवरच्या तुमच्या थापांमध्ये ही सर्वांत सुंदर. पापुद्रा वाचवायला माणूस मिरजेपर्यंत गेला! यापेक्षा चांगली भेट तुम्ही मला काय देणार होता?"

"थाप नाही सर! शप्पथ! शालन होती बरोबर. शालन!"

शालन चहाचा ट्रे घेऊन आली.

"वहिनी," डॉक्टरांनी विचारलं, "मिरजेला गेला होता?"

तिनं सरांकडं बघितलं. सरांचा हात अजून दांडीवरच होता.

"मिरजेला कशाला?" ती म्हणाली. "आमी तर बहिणीकडं गेलतो इस्लामपूरला. प्लेट हाय की आत, कपाटात. ह्यांचा जीव हुईना लावायचा."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या बाईला मी खोटं बोलताना पाहिलेलं नव्हतं. सर आणि डॉक्टर खो-खो हसले, पेढे संपवून गेले. मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो.

"अकरा वर्षांनी एकदा खरं बोललो आणि तू—"

"वाढदिवसाच्या दिवशीच गावलं व्हय तुमाला खरं बोलायला?" ती म्हणाली. "गप ऱ्हावा जरा."

ती फ्रिजपाशी उभी होती. आमचा फ्रिज जुना आहे, चालू झाला की घुमतो. तिनं त्याच्या दारावर तळहात टेकवला होता आणि डोळे मिटले होते. मी अजून दोन वाक्यं बोलणार होतो. ती राहू दिली, आणि फ्रिजच्या दुसऱ्या बाजूला हात टेकवला.